सायआर्काइव्ह : मानसशास्त्रातील ताज्या संशोधनाचे मोफत भांडार

नियतकालिकांची भरमसाट वर्गणी न भरता मानसशास्त्रातील ताजे संशोधन वाचायचे असेल, तर २०१६ मध्ये सुरू झालेले सायआर्काइव्ह हे संकेतस्थळ मला सर्वांत उपयोगी वाटते. मूळ विदा (डेटा) खुली आहे का, अभ्यासाचा आराखडा तो सुरू करण्याआधीच नोंदवला होता का आणि लेखकांचे हितसंबंध कोणते, हे शोधनिबंधाच्या पानावरच दिसते. मानसशास्त्रातील जुने निष्कर्ष पडताळण्याच्या २०१५ च्या प्रकल्पात शंभर अभ्यास पुन्हा केल्यावर जेमतेम ३६ टक्क्यांत सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय निष्कर्ष मिळाले होते, हे ठाऊक असणाऱ्याला या नोंदींचे मोल वेगळे सांगायला नको. मात्र बरेच निबंध तज्ज्ञांच्या परीक्षणाआधीच चढवलेले असतात (बातमीदारांना याचा सोयीस्कर विसर पडतो), त्यामुळे औषधोपचाराचा निर्णय त्यांवर बेतू नये. शोधण्याची सोय सुमारच. नेमके शीर्षक ठाऊक असेल तरच काम झटपट होते.