पट्टे मोजायचे की वर्तुळ पिळायचं?

मालवणच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे काठावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना बघा. दोराला लागलेल्या एकेका माणसाच्या ताकदीची बेरीज केली म्हणून जाळ्याची चाल कळत नाही. पदार्थातल्या इलेक्ट्रॉनांचंही तसंच आहे.

पदार्थ विजेचा वाहक की रोधक हे ठरवायची जुनी रीत सोपी: ऊर्जेचे पट्टे, म्हणजे इलेक्ट्रॉनांना घेता येणाऱ्या ऊर्जांचे गट, मोजा. पट्टा अर्धवट भरलेला असेल तर वाहक, सगळे पट्टे काठोकाठ किंवा रिकामे असतील तर रोधक. तांबं, सिलिकॉन यांना हे चपखल बसतं. पण 1937 साली डी बोअर आणि फेरवे या डच शास्त्रज्ञांनी निकेल ऑक्साइडसारख्या पदार्थांकडे बोट दाखवलं. हिशेबाने वाहक, प्रत्यक्षात रोधक! कारण मोजणी प्रत्येक इलेक्ट्रॉनला सुटा धरते. भरल्या होडीत प्रत्येक फळीवर एकेकजण बसलाय आणि शेजारच्याच्या मांडीवर कुणी बसू देत नाही, तर हलणार कोण? हाच मॉट रोधक (भौतिकशास्त्रज्ञ नेव्हिल मॉट यांच्या नावाचा).

भौतिकशास्त्रज्ञ वॉल्टर कोन यांनी 1964 मध्ये वेगळा प्रश्न विचारला. पदार्थाचं वर्तुळ करा, त्यातून थोडा चुंबकीय प्रवाह (फ्लक्स) ओवा, म्हणजे जणू वर्तुळाला पीळ द्या, आणि निरपेक्ष शून्य तापमानाला सगळ्यांची मिळून ऊर्जा किती बदलते ते बघा. वर्तुळ मोठं करत नेलं तरी प्रतिसाद टिकला तर वाहक, झपाट्याने विरला तर रोधक.

माझं मत कोन यांच्या बाजूने. मात्र गणित भारी पडतं: साध्या हबर्ड मॉडेलमध्येसुद्धा (इलेक्ट्रॉन जागांवर उड्या मारतात, एका जागी दोघे आले तर जास्त ऊर्जा लागते) प्रत्येक जागेच्या चार शक्यता, म्हणून 20 जागांना 4²⁰, म्हणजे एक लाख कोटींहून जास्त अवस्था. म्हणून बारावीच्या वर्गात मी आधी पट्टेच शिकवते.