बेळगावच्या टिळकवाडीतला रविवारचा कामगार कायद्याचा क्लास, आमच्यासारख्यांनी जावंच असा

मी पाणीपुरवठ्यात कंत्राटावर वॉटरमन आहे. आमच्याकडं पगार लांबला की संपाचं बोलणं निघतं आणि लगेच कोणतरी म्हणतं, आपलं काम अत्यावश्यक आहे, आपल्याला संप करताच येत नाही, उचलून आत टाकतील. हे कितपत खरं ते समजून घ्यायला म्हणून या क्लासला जायला लागलो. फी नाममात्र, शिकवणारे सर युनियनमध्ये जन्म घालवलेले रिटायर माणूस, आणि सगळं मराठीत, हे आमच्या दृष्टीनं लई मोठं आहे की हो.

सरांनी पहिल्यांदा 1947 चा, म्हणजे आता जुना झालेला, औद्योगिक विवाद कायदा घेतला. त्यात पाणी, वीज, रेल्वे, पोस्ट, सार्वजनिक सफाई ह्या थेट लोकोपयोगी सेवा होत्या, म्हणजे तिथं संपाआधी नोटीस द्यायलाच लागायची. पण बस, बँक, सिमेंट, हॉस्पिटल, लोखंड-पोलाद ही वेगळ्या यादीत, म्हणजे सरकारनं जनहिताचं कारण देऊन नोटिफिकेशन काढलं तरच ती लोकोपयोगी ठरायची, तेही एका वेळी जास्तीत जास्त सहा महिने, पुढं हवं तर परत वाढवायचं. उद्यमबागच्या फाउंड्रीतला (लोखंड ओतायच्या कारखान्यातला) एकजण इतकी वर्षं समजत होता की आपण कायमचेच त्या यादीत, तो वहीत लिहून घेत बसला.

सगळ्यात आवडलं ते फळ्यावर कॅलेंडर काढून नोटीस समजावली ते. सहा आठवडे थांबायला लागतं असं आम्ही सगळे धरून चाललेलो. तसं नव्हतं, नोटीस दिल्यावर चौदा दिवस थांबायचं आणि सहा आठवड्यांच्या आत संप करायचा, नाहीतर नोटीस शिळी. पण त्यात मेख अशी की लेबर ऑफिसरकडं समेटाची बोलणी चालू असताना आणि ती संपल्यावर सात दिवस संप केला तर तो बेकायदेशीर ठरायचा, मग चौदा दिवस मोजून काय उपयोग. मात्र आपल्या बाजूचं पण एक होतं: इतर कारखान्यांत लेबर ऑफिसर बैठक बोलावू शकत होता, आणि लोकोपयोगी सेवेत नोटीस गेली की त्याला बोलवायलाच लागायचं. हात बांधले तर निदान ऐकून घ्यायची जबाबदारी सरकारवर यायची, हे मला कुणी आजवर सांगितलंच नव्हतं.

21 नोव्हेंबर 2025 पासून त्या जुन्या कायद्याच्या जागी नवी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली, तेही व्यवस्थित घेतलं. आता चौदा दिवसांची नोटीस सगळ्याच कारखान्यांना, ती नोटीस शिळी व्हायची मुदत साठ दिवस, आणि निम्म्या किंवा त्याहून जास्त लोकांनी एकाच दिवशी ठरवून किरकोळ रजा टाकली तर तोही संपच. बेकायदेशीर संपाला एक हजार ते दहा हजार रुपये दंड किंवा महिन्यापर्यंत कैद, किंवा दोन्ही. पूर्वी दंड जास्तीत जास्त पन्नास रुपये होता! मला हे चुकीचंच वाटतं, जे बंधन पाणी-विजेला होतं ते फाउंड्रीला कशाला लावायचं, फाउंड्री बंद पडली म्हणून कुणाच्या घरचा नळ कोरडा पडत नाही.

बंगळूरच्या पाणीपुरवठा मंडळाची 1978 ची सुप्रीम कोर्टाची केस पण छान सांगितली, सात न्यायमूर्तींच्या खंडपीठानं पाणी मंडळ हा ‘उद्योग’च म्हटलं म्हणून तिथल्या कामगारांना 1947 च्या कायद्याचं दार उघडलं.

कमी पडलं ते सांगतो. एस्मा, म्हणजे अत्यावश्यक सेवांत संपाला बंदी घालायचा कायदा, घाईत उरकला, आणि 2021 च्या एप्रिलमधला कर्नाटकातल्या सरकारी बसचा संप बघितलेल्या माणसांना नेमकं तेच विचारायचं होतं. कंत्राटी कामगारानं नोटीस कंत्राटदाराला द्यायची का मूळ ऑफिसला, ह्यावर पण मोघम उत्तर. ऑफिसातले फॉर्म कन्नडमध्ये असतात, त्यातला एक तरी भरून दाखवायला पाहिजे होता. पंखा एकच आणि मागच्या बाकावर आवाज पोचत नाही, तेव्हा लवकर जाऊन पुढं बसा. सरांनी दिलेल्या झेरॉक्समध्ये नोटिशीचा मराठी नमुना आहे, तो तेवढा जपून ठेवा.