शिकवणं चोख, पण पोरं ओढायची खोड वाईट

फोंड्याच्या या चिअरलीडिंग क्लासात मुलगी वर्षभर जातेय. शिकवतात झकास. मॅट जाड, आणि मागून सावरणारा स्पॉटर जागेवर नसेल तर सर कुणालाच वर चढवत नाहीत. पंखे मात्र दोनच, मे महिन्यात जीव जातो.

तक्रार वेगळीच आहे. गेल्या महिन्यात म्हापशाला स्पर्धा होती. दुसऱ्या क्लासची दहा वर्षांची फ्लायर, म्हणजे वर चढणारी पोर, पार्किंगमध्ये उभी, आई भाजीपाव आणायला गेलेली. आमचे सर तिला म्हणाले, "आमच्याकडे ये गो, फी माफ, ड्रेस फुकट." मी दोन पावलांवर स्कूटरला किल्ली लावत होतो. मासळीबाजारात गिऱ्हाईक ओढतात तसं!

फ्लायर गेली की तिला खालून उचलणाऱ्या दोन बेस आणि मागची स्पॉटर, तिघीही अडकतात. महिनोन्महिने तिच्याच वजनावर त्यांचे हात बसलेले असतात. कुणी आपणहून क्लास बदलला तर हरकत नाही. पण हंगाम संपू दे, आणि बोलायचं ते आईबापांशी. ऑलिम्पिक समितीने २०२१ मध्ये या खेळाला पूर्ण मान्यता दिली, आणि आमचं हे असं.

सरांना विचारलं. "सगळेच करतात हो."

पाचपैकी तीन तारे. ती पोर सोमवारी आली. माझी मुलगी आता बेसला आहे.