वॅगनआरमध्ये स्वतः बसवलेलं हँड्सफ्री किट: माइकला पैकीच्या पैकी, बाकी बेताचं

हँड्सफ्री किट चांगलं आहे की नाही, हे गाडीत बसून कळत नाही. पलीकडचा आवाज आपल्याला दारातल्या स्पीकरमधून खणखणीत येतो आणि आपण खूश होतो. आपला आवाज पलीकडे कसा पोचतोय ते पलीकडच्यालाच विचारावं लागतं. म्हणून या किटचे निम्मे मार्क देवासच्या माझ्या आत्याने दिले आहेत. तिला कमी ऐकू येतं, आणि ती तोंडावर बोलते.

गाडी 2012 ची वॅगनआर. स्टिरिओत सीडी आणि ऑक्स (बाहेरचा आवाज वायरीने जोडायचं भोक) आहे, ब्लूटूथ नाही. तो बदलून टाक असं घरात सगळ्यांचं म्हणणं, पण कुमार गंधर्वांच्या सीड्या मग कशावर ऐकायच्या? मी विमा एजंट. हप्त्यांच्या तारखा जवळ आल्या की फोन थांबत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या 184 कलमात गाडी चालवताना हातात फोन धरणं स्पष्टपणे धोकादायक चालवण्यात धरलंय: पहिल्या वेळी 1000 ते 5000 रुपये दंड, किंवा सहा महिने ते वर्षभर कैद, किंवा दोन्ही. लोकांना विमा विकणारी बाई इंदूरच्या पलासिया चौकात फोन कानाला लावलेली सापडली, तर धंदाच बसायचा.

जेल रोडच्या डॉलर मार्केटात तीन-चार प्रकार दिसले. सगळ्यात स्वस्त म्हणजे लायटरच्या सॉकेटात खोचायचा एफएम ट्रान्समीटर. तो 87.5 ते 108 मधली रिकामी जागा शोधून आपला आवाज रेडिओवर टाकतो. इंदुरात 98.3 आणि इतर स्टेशनांच्या गर्दीत ती जागा धड सापडत नाही, आणि माइक असतो थेट गिअरपाशी. दुसरा प्रकार सन व्हायजरला अडकवायच्या स्पीकरचा. त्यात लिथियमची बॅटरी, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीची काच किती तापते ते इथल्यांना सांगायला नको. मी घेतलं ते तिसरं: छोटी ब्लूटूथची डबी, लांब वायरचा सुटा माइक, स्टिरिओच्या ऑक्सला जाणारी वायर आणि चिकटवायचं एक बटण. 1450 रुपये. फिटिंगचे 700 वेगळे. मी म्हटलं, मीच बसवीन. त्यावर दुकानदार म्हणाला, "मॅडम, भैया को भेज दीजिए, उनको समझा देंगे." भैया म्हणजे आमचे हे. त्यांना घरचा फ्यूज बदलायचा तरी वायरमन लागतो.

काम अवघड नाही, किचकट आहे. आधी दहा नंबरच्या पान्याने बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडवायचं. डबीला तीन वायरी. पिवळी कायम चालू असलेल्या 12 व्होल्टला, लाल फक्त चावी फिरवल्यावर चालू होणाऱ्याला, काळी अर्थिंगला. लालसाठी योग्य फ्यूज कोणता, हे स्टिअरिंगखालच्या फ्यूजबॉक्समध्ये मल्टिमीटरने शोधावं लागतं, आणि तेवढ्यापुरती बॅटरी परत जोडावी लागते. घरातला टेस्टर इथे पेटत नाही, तो 230 व्होल्टसाठी असतो. वायर सोलून फ्यूजच्या पायाला गुंडाळू नका. महाराणी रोडवर फ्यूज टॅप मिळतो, त्यात किटसाठी दोन अँपियरचा वेगळा फ्यूज बसतो. तिथूनच कापडी टेपही आणा. साधी पीव्हीसी टेप उन्हाळ्यात डिंक सोडते आणि सुटते.

किटबरोबरच्या कागदावर काळी वायर बॉडीच्या कुठल्याही स्क्रूला कसा असं छापलंय. तो सल्ला मी मानला नाही. किटचं अर्थिंग एका जागी आणि स्टिरिओचं दुसरीकडे असलं, की ऑक्समधून कुंईं असा आवाज येतो आणि अॅक्सिलरेटर दाबला की चढतो. तो अल्टरनेटरचा, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरचा. काळी वायर स्टिरिओच्याच काळ्या वायरीला जोडली, त्यामुळे माझ्याकडे ही कटकट नाही.

आता माइक. पाकिटावरच्या चित्रात तो स्टिअरिंगच्या मागे, मीटरपाशी दाखवलाय. गाडी उभी ठेवून, एसी चालू करून मी आत्याला फोन लावला. मीटरपाशी ठेवला तर म्हणाली, "अगं, बादलीत डोकं घालून बोलतेस का?" एसीची हवा थेट त्यावर येत होती. पुढच्या काचेशेजारच्या उजव्या खांबाच्या वर ठेवला तर काच बंद असताना ठीक. उघडली की तिला माझ्यापेक्षा रिक्षावाले जास्त ऐकू येत होते. शेवटी आरशाच्या वर, छताच्या कडेला, तोंड माझ्याकडे करून चिकटवला. "हां, आता घरातून बोलतेयस." तिथेच पक्का केला. वायर छताच्या अस्तरात सारून उजव्या खांबाच्या रबरी बीडिंगमागून खाली आणली. माझ्या गाडीत पडद्याच्या (खिडक्यांवर उघडणाऱ्या) एअरबॅग नाहीत म्हणून हे चालतं. नव्या गाड्यांत त्या खांबात एअरबॅग असू शकते. तिथे वायर घुसवायची नाही. पिवळ्या आवरणातल्या किंवा पिवळ्या सॉकेटच्या वायरींनाही हात लावायचा नाही, त्या बहुधा एअरबॅगच्याच असतात.

सुपर कॉरिडॉरवर ऐंशीच्या वेगात, काचा वर असताना बोलणं स्वच्छ पोचतं. राजवाड्याच्या गर्दीत ठीकठाक. पाकिटावरचं 'एचडी व्हॉइस' मात्र फोन, किट आणि नेटवर्क तिन्ही जुळले तरच. नाहीतर आवाज साध्या कॉलसारखाच. पलीकडून घुमल्याची तक्रार आली तर स्टिरिओ हळू करायचा. स्पीकरचा आवाज माइकमध्ये परत जातो, म्हणून घुमतं.

एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. सीडी ऐकताना फोन आला तर हा स्टिरिओ आपणहून ऑक्सवर जात नाही. बटणावरचा निळा दिवा लुकलुकतो, आपण सोर्स बदलायचा आणि मग बोलायचं. त्यात एक हात आणि दोन्ही डोळे जातात, म्हणजे ज्यासाठी खटाटोप केला तेच थोडं बुडतं. कामाच्या दिवशी मी सरळ ऑक्सवरच ठेवते, कुमार रविवारी. स्टिरिओ आणि स्पीकर यांच्या मध्ये जोडायची महागडी किट येतात, ती फोन आला की गाणं आपोआप बंद करतात. गाणं ऐकत गाडी चालवणाऱ्यांनी त्यांच्याकडेच बघावं.

बटणाखालचा डिंक एका उन्हाळ्यातच गेला. आता जाड डबल टेपवर आहे. दुकानात सहा महिन्यांची गॅरंटी तोंडी देतात, बिलावर लिहा म्हटलं की पेन सापडत नाही. बिल लिहून घेतल्याशिवाय उठू नका. सुटा माइक वेगळा मिळतो का तेही त्याच वेळी विचारा, मला तो 250 ला सांगितला.