कॉलेज खरं, पदवीही खरी, तरी फसवणूक: परदेशी एमबीबीएसला पैसे भरण्याआधी

परदेशी एमबीबीएसमध्ये फसवणूक म्हणजे कॉलेजच बोगस निघणं, असं बहुतेक पालक धरून चालतात. प्रत्यक्षात कॉलेज असतं, हॉस्टेल असतं, भारतीय मेसही असते आणि मूल पाच-सहा वर्षांनी पदवी घेऊन परत येतं. खोटं असतं ते एजंटाचं "ही पदवी भारतात चालते" हे आश्वासन. ते खोटं असल्याचं कळतं भारतात डॉक्टर म्हणून नोंदणी करायच्या वेळी, सगळे पैसे भरून झाल्यावर.

नीटचा निकाल लागला की लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगरच्या हॉटेलांत मोफत सेमिनार भरू लागतात. शासकीय जागा हुकलेली आणि खासगी कॉलेजची फी न झेपणारी, अशी घरं तिथे येतात. हातात पडणाऱ्या माहितीपत्रकावर "डब्ल्यूएचओ मान्यताप्राप्त" किंवा "एमसीआय अप्रूव्ह्ड" छापलेलं दिसलं तर तिथूनच उठावं. जागतिक आरोग्य संघटना कुठल्याही मेडिकल कॉलेजला मान्यता देत नाही. एमसीआय, म्हणजे भारतीय वैद्यकीय परिषद, सप्टेंबर २०२० मध्येच बरखास्त झाली. तिच्या जागी आलेला राष्ट्रीय वैद्यकीय आयोग परदेशी कॉलेजांची मंजूर यादी काढत नाही. मेडिकल कॉलेजांच्या जागतिक डिरेक्टरीत कॉलेजचं नाव असलं म्हणजे इथे नोंदणी मिळेलच, असंही नाही.

यादी नाही, पण नियम आहेत: आयोगाची १८ नोव्हेंबर २०२१ ची अधिसूचना. अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा हवा. त्याशिवाय १२ महिन्यांची इंटर्नशिप त्याच परदेशी संस्थेत व्हायला हवी. भारतात परतल्यावर आणखी १२ महिन्यांची इंटर्नशिप वेगळी. शिकवण्याचं माध्यम इंग्रजी हवं. प्रवेश घेतल्यापासून दहा वर्षांत हे सगळं पुरं झालं पाहिजे. सगळ्यात जास्त घरं बुडतात ती या महिन्यांच्या हिशोबात. फिलिपिन्सचं पाहा. तिथे आधी बीएस (विज्ञानाची पदवी) आणि मग चार वर्षांचं एमडी (तिथली पहिली वैद्यकीय पदवी), अशी जुनी रचना. एजंट दोन्हींची बेरीज करून दाखवतो. पण बीएस वैद्यकीय अभ्यासक्रमात धरलं जात नाही आणि चार वर्षांचे महिने होतात ४८. दुसरीकडे पाच वर्षांच्या कोर्सबद्दल सांगितलं जातं, "इंटर्नशिप भारतातच करा, एक वर्ष वाचेल." ते वर्ष वाचत नाही. परदेशातली इंटर्नशिप झालेली नसेल तर पदवी नियमात बसत नाही. "पहिलं वर्ष स्वस्त कॉलेजात काढा, मग चांगल्या देशात ट्रान्सफर करून देतो" हाही सापळाच आहे, कारण अख्खा कोर्स, प्रशिक्षण आणि इंटर्नशिप एकाच संस्थेत व्हावी लागते.

आणखी एक अट एजंट कधीच स्वतःहून सांगत नाहीत. त्या देशात तिथल्या नागरिकाला मिळतो तसा वैद्यकीय परवाना तुमच्या मुलालाही मिळायला हवा. त्यामुळे कॉलेजला ईमेलवर लेखी विचारा: कोर्स किती महिन्यांचा, इंटर्नशिप कुठे, परदेशी विद्यार्थ्याला परवाना मिळतो का, आणि परवान्याची परीक्षा कुठल्या भाषेत? ईमेलचा पत्ता विद्यापीठाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच शोधा, एजंटाने दिलेला नको. उत्तर गोलमोल आलं, तर ते नाही असंच समजा.

"नीट नंतर देऊन टाका" म्हणणारा तर सरळ मुलाचं आयुष्य बुडवतो. परदेशात जाण्याआधी नीटमध्ये पात्र होणं सक्तीचं आहे. खुल्या गटाला ५० पर्सेंटाइल लागतं. तो निकाल परदेशी प्रवेशासाठी तीन वर्षं चालतो. नीटमध्ये पात्र न होता गेलेल्याला परतल्यावर एफएमजीईला, म्हणजे परदेशी पदवीधरांना भारतात नोंदणीसाठी द्याव्या लागणाऱ्या परीक्षेला, बसता येत नाही. एफएमजीईत ३०० प्रश्न असतात आणि १५० बरोबर यावे लागतात. बहुतेक सत्रांत उत्तीर्ण होणारे निम्म्याहूनही बरेच कमी असतात. याचं एक मोठं कारण वॉर्डात सापडतं. वर्गात इंग्रजी असलं तरी पेशंट रशियन, जॉर्जियन किंवा उझबेक बोलतो. भाषा न येणारा विद्यार्थी हिस्ट्री घेऊ शकत नाही, म्हणजे पेशंटला आजाराची माहिती विचारू शकत नाही. मग शेवटची दोन वर्षं तो पेशंटच्या खाटेपाशी नुसता उभा राहतो. ज्या मुलांनी पहिल्याच वर्षी तिथली भाषा मनापासून शिकली आणि पहिल्यापासून एफएमजीईचा अभ्यास ठेवला, ती पास होऊन इथे प्रॅक्टिस करतात. तेवढी तयारी असेल तर हा मार्ग वाईट नाही.

आता पैसे. "सहा वर्षांचं पॅकेज" रोखीने किंवा कन्सल्टन्सीच्या खात्यावर कधीही भरू नका. विद्यापीठाचं फीचं पत्र मागवा, आपल्या बँकेत एलआरएसखाली (परदेशी पैसे पाठवण्याची रिझर्व्ह बँकेची योजना) ए-२ फॉर्म भरा, पैसे थेट विद्यापीठाच्या खात्यावर पाठवा आणि स्विफ्टची (बँकेने परदेशी पैसे पाठवल्याचा पुरावा) प्रत जपून ठेवा. एजंटाला फक्त त्याची सेवा फी द्या, तीही पावती घेऊन. एजंटाने मधल्या मध्ये पैसे ठेवले की मुलाला दुसऱ्या सेमिस्टरला परीक्षेला बसू देत नाहीत आणि विद्यापीठ म्हणतं, आम्हाला काही मिळालंच नाही. फी डॉलरमध्ये असते हेही विसरू नका. वर्षाला ४,००० डॉलर फी असेल आणि डॉलर आठ रुपयांनी चढला, तर त्याच वर्षी ३२,००० रुपये जास्त जातात. दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका आणि पासपोर्ट एजंटाच्या कपाटात राहू देऊ नका. पैसे परत मागायला गेलात की आधी याच कागदांवरून अडवणूक होते.

पैसे गेलेच असतील तर "पुढच्या बॅचला ॲडजस्ट करतो" या बोलण्यावर महिने घालवू नका. ऑनलाइन व्यवहार असेल तर त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, कारण पुढच्या खात्यात वळण्याआधीच रक्कम गोठवता येते. पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ (फसवणूक) खाली तक्रार द्या. सोबत जाहिरात, व्हॉट्सॲप चॅट, पावत्या आणि बँकेचं स्टेटमेंट जोडा. सेवेतल्या त्रुटीसाठी जिल्हा ग्राहक आयोगात वेगळा दावा करता येतो. त्याची मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं आहे.