गावची केस, मुंबईचा फोन: ई-कोर्ट्स ॲप कोकणातल्या कोर्टांना किती पुरतं

वाटपाच्या दाव्यात एक भाऊ गावात आणि बाकीचे विरार-डोंबिवलीत, हे देवगडपासून दापोलीपर्यंतचं नेहमीचं चित्र. चाकरमान्याचा वकिलाला पहिला प्रश्न ठरलेला: तारीख कधी? ई-कोर्ट्स सर्व्हिसेस हे सरकारी ॲप त्याचं उत्तर फुकट देतं. लॉगिन लागत नाही, वेबसाइटसारखा कॅप्चा भरत बसावं लागत नाही. तारखेसाठी याला पाचपैकी साडेचार, नाव घालून केस शोधण्यासाठी दीड.

आधी हे दीड का ते सांगतो. पक्षकाराच्या नावाने शोधताना ज्या स्पेलिंगने कोर्टात नोंद झाली तेच घालावं लागतं. सावंत ‘व्ही’ने की ‘डब्ल्यू’ने, मेस्त्री की मिस्त्री, गावडेंचं इंग्रजी कसं, यावर सगळं अवलंबून. आडनावाची पहिली तीन-चार अक्षरं घालून आणि वर्ष टाकून पाहिलं तर बरं पडतं, पण मग निम्म्या तालुक्याची यादी समोर येते. शिवाय ‘प्रलंबित’ निवडलेलं असेल तर निकाली निघालेली केस दिसतच नाही आणि लोक ‘केस गायब झाली’ म्हणून वकिलाला फोन लावतात. दोन्ही प्रकार तपासावेत.

म्हणून पहिल्याच भेटीत वकिलाकडून सीएनआर नंबर, म्हणजे प्रत्येक केसचा स्वतंत्र ओळख क्रमांक, लिहून घ्यावा. १६ अक्षरं-आकडे असतात: राज्याची दोन अक्षरं, जिल्ह्याची दोन, कोर्टाचे दोन आकडे, मग सहा आकडी क्रमांक आणि शेवटी वर्षाचे चार. मध्ये रेघा-टिंबं घालायची नाहीत. शून्याच्या जागी ‘ओ’ टाकला की काही सापडत नाही, आणि हा घोळ सर्रास होतो.

केस उघडली की पुढची तारीख ठळक दिसते. तिच्याखालची ‘स्टेज’ मात्र बहुतेक जण वाचत नाहीत, आणि खरी माहिती तिथेच असते. ‘अवेटिंग समन्स’ म्हणजे प्रतिवादीला समन्स अजून पोचलेलं नाही किंवा बजावणीचा अहवाल आलेला नाही. ‘स्टेप्स’ दिसलं तर चेंडू वादीकडे आहे: प्रोसेस फी, म्हणजे समन्स बजावण्याची फी, भरायची राहिली, नाहीतर पत्ता चुकला आणि बेलिफ, म्हणजे समन्स बजावणारा कोर्टाचा माणूस, ते परत घेऊन आला. मुंबईतल्या प्रतिवादीचा पत्ता ‘चाळ नंबर तीन, भांडुप’ एवढाच दिला असेल तर हे होणारच. दोन-तीन तारखा ‘स्टेप्स’वर गेल्या तर वकिलाला लगेच विचारा, कारण पावलं उचलली नाहीत म्हणून दावा काढून टाकता येतो. ‘रिटन स्टेटमेंट’ म्हणजे कैफियत, प्रतिवादीचं लेखी उत्तर. समन्स मिळाल्यापासून ३० दिवस, आणि कारण दाखवून जास्तीत जास्त ९० दिवसांपर्यंत. ‘से’ दिसलं तर कुठल्यातरी अर्जावर म्हणणं द्यायचं आहे. मनाईचा अर्ज, म्हणजे निशाणी ५, बहुधा इथेच रेंगाळतो.

सगळ्यात महत्त्वाची ओळ केस निकाली निघाल्यावर येते. ‘डिस्पोज्ड’ वाचून थांबू नये, शेजारी निकालाचा प्रकार असतो. वादी गैरहजर म्हणून दावा काढून टाकला असेल तर तो पुन्हा दाखल करून घेण्याच्या अर्जाला मुदत ३० दिवस. प्रतिवादीविरुद्ध एकतर्फी हुकूमनामा झाला असेल तर तो रद्द करण्याच्या अर्जालाही ३० दिवसच. समन्स नीट बजावलेलं नसेल तर हुकूमनाम्याची माहिती झाल्यापासून. ॲप ही मुदत कुठेच दाखवत नाही. तसंच सहहिस्सेदार वारला तर वारस लावायला ९० दिवस असतात, त्याबद्दलही ते मुकं आहे. मयताचं नाव पक्षकारांच्या यादीत तसंच दिसत राहतं.

निकालपत्राची पीडीएफ उतरवता येते ही मोठीच सोय, पण ती सही-शिक्क्याची नक्कल नव्हे. तालुक्याच्या दिवाणी निकालावर जिल्हा न्यायालयात अपील ३० दिवसांत, तिथून उच्च न्यायालयात ९० दिवसांत. नक्कल मिळायला लागलेला काळ मुदतीतून वजा होतो, पण अर्ज करण्याआधी घरी घालवलेले दिवस वजा होत नाहीत. पीडीएफ ॲपवर येईल मग बघू म्हणून बसणाऱ्याचं नुकसान इथे होतं. निकालाच्याच दिवशी नक्कल विभागात अर्ज टाकावा. कौटुंबिक वादांतले आणि पॉक्सोसारखे (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या केसेसमधले) आदेश सहसा ॲपवर दिसत नाहीत. तो बिघाड नाही, मुद्दाम झाकलेले असतात.

पुढची तारीख कोर्टातला माणूस टाइप करतो, तीही बोर्ड, म्हणजे त्या दिवसाच्या केसेस, संपल्यावर. त्यामुळे दुपारी दोनला जुनीच तारीख दिसली तर केस पुकारली नाही असं समजू नये. संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी बघावं. न्यायाधीश साहेब रजेवर आहेत हे ॲपवर आधी कळेलच असं नाही. रात्रीच्या कोकणकन्येत बसण्यापूर्वी वकिलाच्या कारकुनाला एक फोन करणं अजूनही जास्त भरवशाचं. आदल्या संध्याकाळी कॉज लिस्टही, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या केसेसची यादी, पाहावी, पण साक्ष असेल तर तेवढ्यावर विसंबू नये.

‘माय केसेस’मध्ये केस जतन केली की रोज नंबर टाकावा लागत नाही. ही यादी फोनमध्येच राहते, खात्यात नाही. फोन बदलण्याआधी ती एक्स्पोर्ट करून ठेवा, नाहीतर सगळे नंबर पुन्हा गोळा करावे लागतील. ज्या वकिलांकडे शे-दीडशे केसेस आहेत त्यांनी तर दर महिन्याला.

उच्च न्यायालयाचा भाग ॲपमध्ये वेगळा आहे आणि तिथे आता जास्त लक्ष द्यावं लागतं. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालं. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाची प्रकरणं तिकडे, रायगडची मुंबईतच. द्वितीय अपिलाला, म्हणजे जिल्हा न्यायालयाच्या निकालावर उच्च न्यायालयात केलेल्या अपिलाला, स्वतंत्र सीएनआर मिळतो, तो वेगळा जतन करावा. तालुक्याच्या दाव्याचा नंबर घालून अपिलाची तारीख शोधत बसू नये. गावातल्या भावाला आंबा घाट किंवा गगनबावडा ओलांडला की उच्च न्यायालय, आणि मुंबईतला भाऊ आता लांब पडला. व्हायचा तो न्यायच झाला म्हणायचा! रायगडकरांना मात्र यातलं काहीच बदललेलं नाही.

इंटरनेट नसलेल्या वाडीत ॲपचा उपयोग नाही, पण एसएमएस चालतो. इंग्रजीत ईकोर्ट्स हा शब्द, एक जागा सोडून सीएनआर नंबर, आणि ९७६६८९९८९९ वर पाठवायचं. उत्तरात केसची सद्यस्थिती येते. दावा किंवा कैफियत दाखल करतानाच आपला मोबाइल नंबर कोर्टात नोंदवला तर तारखेचे मेसेज आपणहून येतात. बऱ्याच ठिकाणी तिथे वकिलाचाच नंबर लागलेला असतो, तेवढं एकदा विचारून घ्या.