भोकं मोजा! (गाडी गरम, पांढरा धूर आणि माझे २६,४००)

आधीच सांगतो, ज्यानी मला फसवलं त्याचं निदान एकदम बरोबर होतं आणि म्हणूनच मी फसलो. आपल्याला वाटतं गॅरेजवाला फसवतो म्हणजे नसलेला रोग सांगतो. इथे रोग खराच होता, वर तो मीच त्याला छातीठोकपणे सांगितला, त्यानी फक्त ऑपरेशन न करता ऑपरेशनचं बिल लावलं.

गाडी २०१४ ची, पेट्रोल, चार सिलिंडर. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण दोष गाडीचा नाहीये, माझा आहे. दोन महिने कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) थोडं थोडं कमी होत होतं आणि मी डब्यात नळाचं पाणी ओतत होतो. हे करू नका राव. पाणी १०० ला उकळतं, पण कूलंट आणि रेडिएटरच्या झाकणाचं प्रेशर मिळून तो आकडा १२० च्या आसपास नेतात, नुसतं पाणी असलं की ती मोकळीक कमी होते, शिवाय नळाच्या पाण्याचा क्षार आत बसतो तो वेगळाच. आणि कमी होतंय म्हणजे कुठूनतरी जातंय, हा साधा प्रश्न मला दोन महिन्यात पडला नाही.

डिसेंबरात भाचीच्या लग्नाला साताऱ्याला निघालो. मागे बायको, ताई आणि दोघींच्या मध्ये रुखवतातला साखरेचा शनिवारवाडा. खंबाटकी चढताना आधी एसी गार हवा देईना, मग टेंपरेचरचा काटा वर जायला लागला आणि बॉनेटच्या फटीतून वाफ. बाजूला घेतली, बाटली घेऊन मी रेडिएटरचं झाकण उघडायला गेलो तर मागे थांबलेल्या टेम्पोवाल्याने मनगटच धरलं, "ओ दादा, लग्नाला भाजलेलं तोंड घेऊन जायचंय का?" पाऊण तास थांबलो, गार झाल्यावर पाणी भरलं आणि हीटर फुल्ल लावून (हीटर इंजिनचीच उष्णता ओढतो, त्यामुळे थोडं भागतं) तसेच रडत रडत साताऱ्याला पोचलो. ताईचा मेकअप आणि शनिवारवाड्याचा एक बुरूज वाटेतच गेला. गाडी तिथेच टोचन लावून न्यायला हवी होती. हेड (सिलिंडरांवरचा इंजिनचा वरचा भाग) अॅल्युमिनियमचं असतं, जास्त तापलं की वाकतं, आणि हेड अन् ब्लॉक यांच्यामध्ये जे गॅस्केट असतं ते मग नीट दाबलं जात नाही.

पुण्यात आल्यावर रोज सकाळी पांढरा धूर. थंडीत सकाळी सगळ्याच गाड्या थोडी वाफ सोडतात, ती दोनचार मिनिटात जाते. माझा धूर जात नव्हता, दाट होता, वासाला गोडसर. सुरू करताना गाडी क्षणभर थडथडायची, कारण रात्रभर कूलंट एका सिलिंडरमध्ये झिरपत होतं. मी चार व्हिडिओ बघून सगळं तपासलं. निळा धूर म्हणजे ऑइल, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जळतंय, पांढरा आणि गोड म्हणजे कूलंट. थंड गाडीचं झाकण काढून स्टार्ट केली तर रेडिएटरमध्ये बुडबुडे, थांबतच नाहीत. ऑइलमध्ये कूलंट मिसळलं की ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर जमतो, तो मात्र नव्हता. तो नसला म्हणजे गॅस्केट चांगलं असं नाही हे लक्षात ठेवा, ते कुठल्या जागी फाटलंय त्यावर आहे.

तर असा मी, स्वतःला अर्धा इंजिनियर समजून, सिंहगड रोडच्या एका गल्लीतल्या गॅरेजात गेलो आणि दारातच म्हणालो, "हेड गॅस्केट गेलंय, हेडचं फेसिंग करावं लागेल ना?" (फेसिंग म्हणजे वाकलेलं हेड घासून सपाट करणं.) त्यानी बॉनेट उघडलं, दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "साहेब, तुम्हाला तर सगळंच कळतंय." त्या एका वाक्यावर मी विकलो गेलो.

गाडी चार दिवस त्याच्याकडे. रोज फोन केला की "हेड लेथवर गेलंय". बघायला येऊ का म्हटलं तर "आज नको, लाइट नाहीये". पाचव्या दिवशी पेपरात गुंडाळलेलं काळंकुट्ट गॅस्केट समोर धरलं, "हे बघा, इथून जळलंय". मी त्याचा फोटो काढून भाऊजींना पाठवला, बघा माझं निदान कसं बरोबर होतं म्हणून. बिल २६,४००: गॅस्केट किट, नवे हेड बोल्ट, फेसिंग, ऑइल, कूलंट, मजुरी. साध्या पावतीवर पेनाने, जीएसटी नाही, पैसे कोणा भलत्याच नावाच्या नंबरवर. धूर बंद, काटा एकदम खाली. इतका खाली की घरापासून स्वारगेटपर्यंत अर्ध्यावरसुद्धा यायचा नाही. मी खूश! अॅव्हरेज मात्र पडला, तो म्हणाला नवीन काम आहे, सेट व्हायला वेळ लागतो.

सहा आठवड्यांनी भाची आणि जावई जेजुरीला निघाले, म्हटलं मीच नेतो. दिवे घाटात निम्म्यावर पुन्हा तेच. वाफ, धूर, आणि नवरा नवरी घाटात दगडावर बसलेले. जावईबापू शांत होते, त्याचाच जास्त त्रास झाला. त्यांना रिक्षाने पुढे पाठवलं आणि गाडी टोचन लावून खाली हडपसरला आणली. टोचनवाल्याने त्याच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे नेली. सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही मामाच म्हणायला लागलो.

मी सुरुवात केली, "मामा, हेडचं काम आत्ताच झालंय." मामांनी गार गाडीचं झाकण काढून आत बोट घातलं, बोटावर तांबूस चिखल. "हे काय, लीक बंद करायची पावडर आहे. भेगेत जाऊन बसते, थोडे दिवस दम धरते, आणि तुमचा रेडिएटरपण बुजवते." मग बॅटरी घेऊन मागे वाकले. "पावणं, इकडं या. हेड काढायचं तर सायलेन्सरचा मॅनिफोल्ड सोडावा लागतो. ह्या नटाला पाना लागलेला दिसतोय का तुम्हाला?" नट गंजून एकजीव झाले होते. वरच्या कव्हरच्या बोल्टांभोवती वर्षानुवर्षांची धूळ आणि तेलाची खपली, जशीच्या तशी, कुठे ओरखडा नाही. हे इंजिन जन्मापासून कोणी उघडलंच नव्हतं.

मला पटेना. म्हटलं अहो मी जळलेलं गॅस्केट डोळ्यांनी पाहिलंय, आणि फोन काढून फोटो दाखवला. मामांनी चष्मा वर केला, फोटो मोठा केला, आणि विचारलं, "गाडीला सिलिंडर किती?"

"चार."

"मोजा."

गॅस्केटला एका सिलिंडरमागे एक मोठं भोक असतं, फोटोतल्या गॅस्केटला तीन होती. कुठल्यातरी तीन सिलिंडरच्या गाडीचं जुनं गॅस्केट. दीड महिना तो फोटो माझ्या फोनमध्ये होता, भाऊजींनी त्यावर अंगठा दिला होता, आणि आमच्या दोघांपैकी एकालाही तीनपर्यंत मोजता आलं नाही.

काटा खाली का राहायचा तेही तिथेच कळलं. थर्मोस्टॅट काढून टाकला होता. तो साधारण ८२ ते ८८ डिग्रीला उघडतो, तोपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ देत नाही म्हणून इंजिन वेळेत तापतं. तोच काढला की कूलंट सतत फिरत राहतं, गाव फिरताना काटा वर येतच नाही, गिऱ्हाईक खूश, आणि पेट्रोल जास्त जळतं. मामांच्या पोराने स्कॅनर लावला तर पी ०१२८ कोड आला, म्हणजे इंजिन हवं तितकं तापतच नाही. जी गाडी गरम होते म्हणून दुरुस्तीला दिली तिचा कोड हा!

मामांनी उघडायच्या आधी माझ्याकडून व्हिडिओ काढून घेतला, नंबरप्लेटपासून सुरुवात करून त्या नटांपर्यंत, मध्ये कट नाही. मग रेडिएटरच्या तोंडाला निळ्या पाण्याची नळी लावली, पाच मिनिटात पाणी पिवळं, म्हणजे सिलिंडरमधला गॅस कूलंटमध्ये येतोय. तिसऱ्या सिलिंडरचा प्लग बाकीच्यांच्या मानाने धुतल्यासारखा स्वच्छ, तिथेच पाणी शिरत होतं. हेड निघालं तेव्हा मला फोन करून बोलावलं, त्यावर सरळ पट्टी आडवी ठेवून खालून फिलर गेजची पाती सरकवून दाखवली, ०.१५ मिमीची आरामात गेली. ०.०५ ची जाते का नाही ते बघतात म्हणे, म्हणजे हेड चांगलंच वाकलं होतं. लेथवाल्याचं बिल वेगळं, त्याच्या शिक्क्यासह. सुरुवातीची गळती रेडिएटरच्या प्लॅस्टिकच्या टाकीला गेलेल्या केसाएवढ्या तड्यातून होती, दोनेक हजारात भागलं असतं. आता रेडिएटर पावडरने बुजलेला, तोही नवा. सगळं मिळून ३३ हजार. जुनं गॅस्केट मी घरी घेऊन आलोय. चार भोकं, चारदा मोजली.

सिंहगड रोडवाल्याकडे व्हिडिओ घेऊन गेलो. आधी "पोराने चुकून दुसऱ्याचं दाखवलं", मग "तुम्ही बाहेर उघडलं, गॅरंटी गेली", मग मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन लावलाय आणि ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी लागत नाही हे त्याच्यासमोरच मोठ्याने बायकोला सांगितल्यावर चहा आला. ऑइल वगैरे सोडून २० हजार परत द्यायचे ठरले. ८ हजार दिलेत. उरलेले १२ शुक्रवारी देतो म्हणालाय, कुठल्या शुक्रवारी ते नाही म्हणाला.